पाण्याची दोन भोकं

४ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तरांच्या गॅरेजात सोळा वर्षं काढली. ते रोज संध्याकाळी कामाची वही लिहायला लावायचे. कोणती गाडी, काय काढलं, काय बसवलं. शेवटचा रकाना 'शंका' असा होता. त्यात मी कधी काही लिहिलं नाही, आणि मास्तर तो रिकामा रकाना बघून दर वेळी नाक मुरडायचे. आता स्वतःचं गॅरेज आहे, नाक मुरडायला कोणी नाही. तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात, म्हणून ही वही. ही घरातच राहील.

आज ताईच्या व्हॅनचा टर्बो बदलला. गॅरेज उघडल्यापासूनचं पहिलं मोठं काम, आणि तेही ताईचं. ताई नर्स आहे, डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जाऊन बाळंतपणं करते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. तिची व्हॅन चढावर दम टाकत होती; इंजिनात हवा कोंबणारा टर्बोचा पंखाच झिजला होता. नवा टर्बो यायला महिना लागला असता, म्हणून मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका गाडीचा आणला. मापात बसला.

एकच गोष्ट. जुन्या टर्बोला फक्त तेलाच्या नळ्या होत्या. याच्या पोटाला आणखी दोन भोकं आहेत, पाण्याच्या नळ्यांसाठी. ताईच्या इंजिनावर तशी सोयच नाही. नळ्या करून घ्यायच्या तर तीन-चार दिवस गेले असते, आणि मी तिला शनिवारपासून "आज संध्याकाळी नक्की" म्हणत होतो. दोन बोल्ट आणि तांब्याचे वॉशर लावून भोकं बंद करून टाकली. जुना टर्बो पाण्याशिवाय चाललाच होता की.

ताई एक चक्कर मारून आली आणि भर रस्त्यात ओरडली, "घोडा केलास रे तिचा, घोडा!" समोरच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, "माझ्या भावाने केलंय." माझी छाती फुगली. तिला भोकांबद्दल काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ती दोन भोकं डोक्यातून जात नाहीत. आज एका गाडीचं चाक काढताना नट हातात घेऊन तसाच बसून राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, चाक आवडलं का?"

कारखानेवाले काही हौस म्हणून भोकं पाडत नाहीत. भोकांच्या आत आटे पाडायला मेहनत लागते. मग काही टर्बोंना पाणी का असतं आणि काहींना का नसतं? आजवर शंभरएक टर्बो बसवले असतील. ज्याला नळ्या होत्या त्याच्या जोडल्या, ज्याला नव्हत्या त्याचा प्रश्नच नव्हता. का, हे कधी विचारलं नाही. मास्तर सांगायला लागले की मीच म्हणायचो, "माहितेय, माहितेय."

बायकोला सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग मास्तरांना विचारा."

"कोणत्या तोंडाने विचारू? निघताना चारचौघांत म्हणालो होतो, तुमच्याकडे शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही."

"त्याच तोंडाने," ती म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

९ नोव्हेंबर, रविवार

ताई आली. तिचा चहा होईपर्यंत मी गुपचूप बाहेर जाऊन बॉनेट उघडलं. टर्बोच्या अंगाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तिला गाडी बंद करून वीस मिनिटं झाली होती. एवढा वेळ एवढा गरम राहतो का? आठवेना. आजवर कोणाच्या टर्बोला वीस मिनिटांनी हात लावलाय मी?

एक उपाय सुचला. तिला म्हणालो, "चढ चढून पोचलीस की लगेच बंद करू नकोस. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू राहू दे, मग किल्ली फिरव." कशाला, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "इंजिनाला बरं असतं." ती म्हणाली, "तिथे बाई कळा देत असते आणि मी गाडीत बसून घड्याळ बघू?" मी म्हणालो, "तू उतर, गाडी तशीच राहू दे." ती हसून बरं म्हणाली.

डिपस्टिक काढून तेल बघितलं. बरोबर खुणेवर. जरा बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताईने आज हसून हसून सांगितलं. ती वस्तीवर पोचते, गाडी चालू ठेवून आत पळते, आणि पाच मिनिटांत घरातलं कोणीतरी किल्ली आणून तिच्या हातात देतं. "नर्सबाई, घाईत गाडी चालूच राहिली होती, मी बंद केली." एकदा नाही, तीन घरी असंच झालं. एका म्हातारबुवांना तर वाटलं, फार मोठं काम केलं. "त्या बिचाऱ्यांना मी काय सांगू?" ताई म्हणाली. "उलट पाणी देतात, आभार मानतात."

बायको खो खो हसली. मीही हसलो. दोन मिनिटांच्या भरवशावर मी आठवडा काढला होता, आणि चांगली माणसं ती दोन मिनिटं रोज पुसून टाकतायत.

ताई हल्ली आमच्या गल्लीत शिरताना इंजिन बंद करून उतारावरून तशीच गाडी आणते. म्हणे डिझेल वाचतं. मी चिडलो, असं करू नये म्हणालो. ती म्हणाली, "बरं रे, मोठा आलास शिकवणारा." तिच्या स्कार्फला जळक्या तेलाचा वास येत होता. वस्तीवर चुलीपाशीच असते म्हणा.

डिपस्टिक खुणेवर. इतकं जुनं इंजिन आणि दोन आठवड्यांत तेल थेंबभर कमी नाही. मी तिला दाखवलंसुद्धा. "बघ," म्हणालो, "कशी आहे माझ्या हातची गाडी!" ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बायकोला ताई बाजारात भेटली, इंजिन ऑइलचा पाच लिटरचा डबा घेताना. आरोग्यकेंद्राच्या जनरेटरला लागतो, असं ताई म्हणाली. आमच्या ताईच्या गळ्यात सगळीकडची कामं पडतात. नाही म्हणायला ती कधी शिकलीच नाही.

बायको मात्र मघापासून तेच तेच टाके उसवतेय. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ताईंना सांगून टाका ना." मी म्हणालो, "काय सांगू? गाडी उत्तम चाललीय. तेल खुणेवर आहे. उगाच कशाला घाबरवायचं?"

"कोणाला घाबरवायचं?" ती म्हणाली. 

२३ नोव्हेंबर, रविवार

खुणेवर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे बघितलं ते बघायला नको होतं. मोडीच्या आवारात गेलो होतो, जिथून तो टर्बो आणला तिथेच. तसाच दुसरा एक पडला होता, फुटका. मोडवाल्याला विचारून तिथेच दगडावर बसून उघडला. आत तेलाच्या वाटेत काळं काहीतरी गच्च बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर कोळशासारखा चुरा पडला. तेलच होतं ते, जळून घट्ट झालेलं. पंख्याचा दांडा हातात धरून हलवला तर सैल दातासारखा हलला.

"याला काय झालं होतं?" मी विचारलं.

मोडवाला म्हणाला, "कुणीतरी पाण्याच्या नळ्या तोडून चालवत होता म्हणे." त्याला मी काय केलंय ते कुठे माहीत? तो सहज बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.  आवाराच्या फाटकापर्यंत चालत जाताना दोनदा थांबावं लागलं.

म्हणजे ताईच्या गाडीत आत्ता, या क्षणी, तसाच कोळसा धरत असेल. दर वेळी किल्ली फिरली की आणखी एक थर. आणि तेल मात्र खुणेवर. मग खरं काय? मला काहीच कळत नाही. सोळा वर्षं मास्तरांसमोर 'माहितेय' म्हणत उभा होतो.

२ डिसेंबर, मंगळवार

गेलो शेवटी. मास्तर एका इंजिनावर वाकले होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, हाकलतील. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं.

विचारलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला असं केलंय, म्हणालो.

मास्तरांनी टर्बोचं वर्णन दोनदा विचारून घेतलं. मग सांगितलं, अगदी सावकाश, जसं पूर्वी सांगायचे आणि मी ऐकत नसे तसं. गाडी चालू असते तोवर तेल फिरत राहतं आणि ज्यात पंख्याचा दांडा फिरतो ते मधलं बेअरिंग थंड ठेवतं. धोका बंद केल्यावर. किल्ली फिरवली की तेल जागच्या जागी थांबतं, पण शेजारची धुराची बाजू भट्टीसारखी तापलेली असते. ती उष्णता आत सरकते आणि थांबलेलं तेल जाळते. पाणी असलं तर ते तापून आपोआप वर चढतं, थंड पाणी खालून येतं, इंजिन बंद असलं तरी काही वेळ फिरत राहतं आणि उष्णता घेऊन जातं.

"मग जुन्या टर्बोला पाणी कसं नव्हतं?"

"त्यात साधे बुश होते, नुसत्या गुळगुळीत कड्या. तेल भरपूर वाहतं त्यातून. नीट थंड करून बंद केलं तर वर्षानुवर्षं चालतो. पाणी सगळ्यांनाच लागतं असं नाही. पण तू सांगतोयस त्यात गोळ्यांचं बेअरिंग आहे. त्याला तेल मोजकंच जातं. त्याला पाणी हवंच. भोकं दिसली तेव्हा विचारायला काय झालं होतं?"



मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बेअरिंग सैल झालं की तेल हवेच्या बाजूला गळायला लागतं. ते थेट इंजिनात जातं. डिझेलचं इंजिन तेलावरही चालतं. एकदा त्याने तेल प्यायला सुरुवात केली की पाय काढला तरी वेग वाढत जातो, आणि किल्ली फिरवली तरी बंद होत नाही. कारण डिझेल बंद झालं तरी त्याला खायला तेल आहे. "मग एकच. ब्रेक गच्च दाबायचा, सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिन गुदमरून मरतं. उतारावर, वळणावर, घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. आधी सांगून ठेवावं लागतं."

निघताना त्यांनी विचारलं, "ताई कशी आहे?" मी म्हणालो, "बरी आहे." ते म्हणाले, "गाडी आजच उभी कर. त्या गिऱ्हाइकाची."

सात वाजता घरी आलो. ताई दमून आलेली असेल. आत्ता सांगितलं तर तिला झोप लागायची नाही. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

४ डिसेंबर, गुरुवार

काल लिहू शकलो नाही.  आज लिहितो.

काल सकाळी आठ वाजता ताईला फोन केला. ती गाडीतच बसत होती. डोंगरावरच्या सगळ्यात लांबच्या वस्तीवर पहिलटकरीण अडली होती.

मी म्हणालो, "ताई, गाडी नेऊ नकोस."

"का रे?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "टायर बघायचे होते जरा."

"टायर संध्याकाळी बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. दुसरं एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक. गाडीत घातक चूक आहे आणि ती मी केलीय. ते वाक्य तोंडात आलं होतं आणि मी ते गिळलं.

मोटारसायकल काढली आणि मागे लागलो. प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता कठड्याखाली व्हॅन दिसणार. रस्त्यावर मध्येमध्ये निळसर धूर तरंगत होता. त्याचा वास मी ओळखला. तोच वास, जो मी चुलीचा म्हणून सोडून दिला होता. ताई गाडी बंद करून उतारावरून का आणते, तेही तिथेच, त्या चढावर कळलं. बिघडत चाललेल्या टर्बोची शिट्टी मला ऐकू येऊ नये म्हणून.

वस्ती दिसायच्या आधी आवाज आला. इंजिन किंचाळत होतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. अंगणात व्हॅन उभी होती, आत कोणी नाही, मागून ढगासारखा धूर, आणि आसपास माणसं भिंतीला चिकटून उभी. एक माणूस हात पुढे करून माझ्याकडे धावत आला. त्याच्या हातात व्हॅनची किल्ली होती. "मी काढली हो किल्ली! बंद करायला गेलो. किल्ली माझ्या हातात आहे आणि गाडी चालूच आहे!" तो रडायच्या बेतात होता. त्याचीच बायको आत अडली होती.

ताई घरात होती. दार बंद होतं.

मी व्हॅनमध्ये शिरलो. सगळी व्हॅन हलत होती.  ब्रेक दाबला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. जळका वास आला, गाडी हातभर पुढे सरकली, पण इंजिन मरेना. समोर त्या घराची भिंत, भिंतीपलीकडे ताई आणि ती बाई. पुन्हा क्लच दाबला, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, डोळे मिटले आणि क्लचवरून पाय उचलला. एक धक्का बसला आणि सगळं शांत झालं. मग घरातून त्या बाईचं ओरडणं ऐकू आलं, आणि त्यावर ताईचा आवाज, नेहमीसारखा, "शाबास, अजून थोडं."

मूल झालं, पण बाईचं रक्त थांबेना. ताई दार उघडून म्हणाली, "गाडी काढा, हिला खाली न्यायचंय." आणि मग तिने मला बघितलं, व्हॅनला बघितलं. मी फक्त नकारार्थी मान हलवली. शेजारच्या वस्तीवरून भाजीचा टेम्पो यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास ताई त्या बाईच्या पोटावर मूठ दाबून बसली होती. मी दारात उभा होतो. बाईचं तोंड कागदासारखं पांढरं होत चाललं होतं आणि तिचा नवरा अजून ती किल्ली हातात धरून होता. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

बाई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

६ डिसेंबर, शनिवार

आज ताईला सगळं सांगितलं. भोकं, बोल्ट, मोडवाला, मास्तर, टायर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या आठवड्यापासून मला माहीत होतं काहीतरी बिघडलंय. दर शनिवारी मीच तेल भरून ठेवत होते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू डिपस्टिक काढून इतका खूश व्हायचास," ती म्हणाली. "म्हटलं, पहिलंच काम आहे त्याचं. थोडे दिवस जाऊ देत."

 रडलो, खोटं कशाला सांगू. तिने गप्प केलं नाही. लहानपणी करायची.

१४ डिसेंबर, रविवार

मास्तरांकडे नेऊन व्हॅन दुरुस्त केली. साधा टर्बो, जुन्यासारखा. मी काम केलं, त्यांनी शेजारी उभं राहून प्रत्येक बोल्ट बघितला. या वेळी जे समजलं नाही ते सगळं विचारलं. इंजिन वाचलं होतं, हे आश्चर्यच.

दुपारी ताई गाडी न्यायला आली. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून आवाज ऐकला. मी बाजूला उभा. वाटलं होतं, आता टपली मारेल, घोडा म्हणेल. तिने मास्तरांना विचारलं, पुढची सर्व्हिसिंग कधी करायची. मास्तर माझ्याकडे बघायला लागले.

"नाही, तुमच्याकडेच आणणार," ती त्यांना म्हणाली. मग मला बाजूला घेऊन गेली. "रागावू नकोस. पण तुझं तोंड उतरू नये म्हणून मी एका परक्या बाईचा जीव टांगणीला लावला. तू मला खरं सांगत नाहीस, मी तुला खरं सांगत नाही. आपल्या दोघांचा एकमेकांवर फार जीव आहे रे. गाडी अशा माणसाकडे असलेली बरी, ज्याला मी तोंडावर म्हणू शकेन, की तुम्ही चुकलात."

मी म्हणालो, "मला म्हण ना."

ताईने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता माझी कॉलर नीट केली, गाडीत बसली आणि निघून गेली.